दिसली, पण माणूस म्हणून नाही!

18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात 49 वर्षांची एक महिला सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबेर कंपनीच्या चाचणीवरील स्वयंचलित मोटारीने तिला धडक दिली व तिचा मृत्यू झाला. यंत्राला ती दिसलीच नसेल, असे कोणालाही वाटेल. परंतु तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा 2019 चा अहवाल सांगतो, की धडकेच्या 5.6 सेकंद आधीच रडारने तिला टिपले होते!

मग अडले कुठे? चालत्या यंत्राला नुसते दिसून भागत नाही. समोर काय आहे ते ठरवून, ते कुठून कुठे सरकत आले यावरून पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाज त्याला बांधावा लागतो. या मोटारीने त्या बाईला कधी 'वाहन' म्हटले, कधी 'इतर', कधी 'सायकल'. 'पादचारी' एकदाही म्हटले नाही. आणि दरवेळी नाव बदलले की आधीची वाटचाल हिशेबातून बाद! ती चालतच होती, पण यंत्राच्या लेखी दरवेळी नुकतीच उगवलेली. ठरवून दिलेल्या जागेबाहेरूनही माणसे रस्ता ओलांडतात, याची तरतूदच त्या प्रणालीत नव्हती. वहीत नोंद नाही म्हणून माणूस नाही, हा न्याय आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

तिने पट्ट्यांवरूनच जायला हवे होते, असे काही जण म्हणतील. त्या पट्ट्या सुमारे 360 फूट दूर होत्या. नियम तिने मोडला, हे वकील म्हणून आम्ही नाकारत नाही. पण नियम मोडणाऱ्याला चिरडण्याची शिक्षा कोणत्या कायद्यात आहे?

आता जबाबदारीचे पाहा. तिच्या कुटुंबीयांशी कंपनीने त्याच महिन्यात तडजोड केली. मार्च 2019 मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असे जाहीर केले. चालकाच्या आसनावर देखरेखीसाठी बसवलेल्या महिला कर्मचाऱ्यावर मात्र 2020 मध्ये हलगर्जीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा आरोप ठेवला गेला. 2023 मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा कमी गंभीर गुन्हा कबूल केला व तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिचे लक्ष फोनकडे होते, तेव्हा तिला निर्दोष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु धोका ओळखल्यावरही एक सेकंद ब्रेक रोखून धरण्याची योजना काही तिने आखली नव्हती. ती आखणाऱ्यांपैकी एकावरही आरोपपत्र दाखल झाले नाही.