राग आवरायला कोणी शिकायचे?

प्राथमिक शाळेतल्या मुलांना भावना ओळखायला, राग आवरायला, नाती सांभाळायला शिकवायचे ही कल्पना आता सरकारी कागदावर पक्की बसली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. त्यात प्राणायाम, ध्यानधारणा, श्वसनाची तंत्रे, ताणतणावाचे व्यवस्थापन, नातेसंबंध हाताळण्याचे कौशल्य आहे. रस्ते सुरक्षासुद्धा आहे. विषयांच्या या यादीत जात नाही.

माझा या तासाला विरोध नाही. आपल्या मुलांना तो इतरांपेक्षा जास्त हवा आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की या तासात शिकायचे कोणी?

घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत काम करताना मी मुलांना शाळेविषयी विचारत असते. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “बाईंनी सांगितलंय, राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे.” राग कशाचा आला होता? बाकावरच्या मैत्रिणीने आपला डबा हिच्यापासून लांब सरकवला होता. ‘तुमच्यात ते खातात’ म्हणून. हिने दहा आकडे मोजले. डबा सरकवणारीला कोणी काहीच मोजायला सांगितले नाही.

सगळा घोळ इथेच आहे. अपमान एकीने केला आणि अभ्यास दुसरीला मिळाला. आपल्या आजोबांना गावात सांगत, पायरी ओळखून राहा. आता त्यांच्या पणतीला सांगतात, भावनांचे नियमन कर. भाषा बदलली. सहन कोणी करायचे, ते मात्र बदलले नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: “मुले निरागस असतात. एवढ्या लहान वयात त्यांच्या डोक्यात जात कशाला घालता?” बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेचे वर्णन केले आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि तहान लागली तर शिपायाने नळ उघडला तरच पाणी. शिपाई नसला तर पाणीही नाही. त्या वर्गातल्या एकाही मुलाला जातीचा धडा पुस्तकातून शिकवावा लागला नव्हता. नळ, गोणपाट आणि शिपाई यांनी तो शिकवला. आज डबा, आडनाव आणि शिष्यवृत्तीची यादी शिकवते. म्हणजे जात शिकवायची की नाही, हा प्रश्नच उरत नाही. ती शिकवली जातेच आहे. तिच्याविरुद्ध शिकवायचे की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

ही केवळ मन दुखावण्याची गोष्ट नाही. जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले जवळपास सारखीच चालली. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव जातीसकट पुकारले, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तशीच होती, मुलांची बुद्धीही तीच होती. बदलली होती ती समोरच्या मोठ्या माणसाची एक कृती. आता सांगा, कौशल्य कोणात कमी होते? पुकारणाऱ्यात की पुकारल्या गेलेल्यात? शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा, असे भर वर्गात सांगणारे गुरुजी रोज हाच प्रयोग करत असतात. त्यांना कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, एवढाच फरक.

आपण बौद्ध आहोत. डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवण्याचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. पण सम्यक स्मृती हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. तिच्या जोडीला सम्यक वाचा आहे, सम्यक कर्म आहे. वाचा आणि कर्म गाळून नुसता श्वास शाळेत आणला की त्यात धम्म उरत नाही, शांतता तेवढी उरते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बदलले, ते आठवा. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून तो घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, आणि त्यापायी त्याला घर सोडावे लागते. दुःखाचे मूळ एकट्या माणसाच्या मनात शोधू नका, माणसामाणसांतल्या संबंधात शोधा, हे बाबासाहेबांनी यातून सांगितले. सामाजिक-भावनिक शिक्षणातला ‘सामाजिक’ हा शब्द खरा करायचा तर सुरुवात इथून होते.

रागाचेही तसेच. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे गेली. त्या वस्तीतल्या मुलाच्या घरात राग असेल तर तो विकार नव्हे, ती आठवण आहे. राग गिळायला शिकवू नका, त्याला दिशा द्यायला शिकवा. १९२७ साली महाडला पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान पोटात घेऊन हजारो माणसे शिस्तीत चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. भावनांचे नियमन याला म्हणतात. पाचवीच्या वर्गात हा धडा घ्या, बघू.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, हे सगळे एनजीओंचे फॅड आहे, आपल्या मुलांना गणित आणि इंग्रजी द्या. गणित-इंग्रजी हवेच. पण या विषयाची एक मुळी कुठे आहे, तेही माहीत असू द्या. १९६८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाचे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी दोन प्राथमिक शाळा हाती घेतल्या. मुले जवळपास सगळी गरीब आणि कृष्णवर्णीय, निकाल शहरात तळाला. कोमर यांनी मुलांना दुरुस्त करायला घेतले नाही. त्यांनी पालक, शिक्षक, मुख्याध्यापक आणि मानसतज्ज्ञ यांना एकत्र बसवले आणि शाळेच्या निर्णयांत पालकांना वाटा दिला. पुढे या कामातल्या शाळा शहरात वरच्या क्रमांकांत आल्या. म्हणजे ही मुळात दडपलेल्यांच्या वस्तीतली गोष्ट आहे. मधल्या काळात ती गुळगुळीत करून आपल्याला परत विकली जात आहे. ती सोडून द्यायची की ताब्यात घ्यायची?

ताब्यात घेण्याचा रस्ता कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कलम ९ प्रमाणे वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देणे ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे मुंबईत महापालिकेची, जबाबदारी आहे. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आपली मुले ज्या पालिका शाळांत जातात, तिथे ही समिती आहे. आपल्यातले किती जण तिच्यावर आहेत? १४ एप्रिलच्या मिरवणुकीची समिती आपल्याला तोंडपाठ असते. शाळेची का नसते?

समितीवर जा आणि साध्या मागण्या ठेवा. शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचायची नाही. झाडू कोणाच्या हातात आणि पाहुण्यांचा हार कोणाच्या हातात, याची पाळी लिहून भिंतीवर लावायची. भावनांचा तास मुलांच्या आधी शिक्षकांचा घ्यायचा. आणि त्या तासात एक प्रश्न सक्तीचा करायचा: आज वर्गात कोणाचा अपमान झाला, कोण हसले, कोण गप्प बसले आणि कोण शेजारी जाऊन बसले?

मुले रोज सकाळी उद्देशिका म्हणतात. त्यातला ‘बंधुता’ हा शब्द जोडाक्षर नाही, अवघड नाही, पहिलीचे मूलही तो वाचते. त्याचा अर्थ शिकवायला मात्र शाळेने अजून शनिवारसुद्धा दिलेला नाही. तो शनिवार आपण मागून घेऊ या.

जयभीम.