पातं नवं असतानाच थर चढवा

पेरणी तोंडावर आली की वेल्डिंगच्या दुकानात तेच दिसतं. रोटाव्हेटरची पाती पार झिजवून आणायची आणि साध्या रॉडने टोकं भरून न्यायची. माझ्या मते हा पैसा पाण्यात. साध्या रॉडचा भराव पात्याच्या मूळ पोलादापेक्षा मऊ. मुरमाड रानात तो किती टिकणार? तिथली गारगोटी तर कडक पोलादालाही ओरखडते.

हार्डफेसिंगचा रॉड वेगळा मिळतो. महाग आहे, पण त्यातलं क्रोमियम कार्बाइड गारगोटीपेक्षा कठीण असतं. हा थर नव्या पात्यावर, धारेलगतच द्यायचा. झिजून पातळ झालेल्या पात्याला थर धरायला अंगच राहत नाही. आणि चांगली पाती बोरॉन स्टीलची, पाणी दिलेली असतात. एकाच जागी वेल्डिंग चालू ठेवलं की ते पाणी उतरतं. म्हणून छोटे छोटे टाके घ्या, आपोआप गार होऊ द्या. घाईनं बादलीत बुडवलं तर पातं तडकतं.

नांगराच्या फाळाला थर एकाच अंगानं, खालून. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये फाळाची खालची बाजू ओततानाच गार करून कडक केली होती. वरची मऊ बाजू आधी झिजते, धार आपसूक राहते.

खाणीतल्या पोकलेनच्या बकेटवर वेल्डिंगच्या चौकटी बघितल्यात का? रेघांच्या मधे माती घट्ट बसते, मग माती मातीवरच घासते आणि लोखंड वाचतं. दगडगोट्यांच्या रानात मात्र कार्बाइडचा थर टिचतो. तिथं धक्का सोसणारा, जरा कमी कडक रॉड मागा.

शिबिरात साहेब लोक बियाणं, खत, फवारणी सगळं सांगतात. झिजल्या पात्यानं रान खोल निघत नाही, ढेकळं राहतात, मग दुसरी पाळी आणि परत डिझेल. त्यावर कधी एक तास ठेवा की!

वेल्डिंगला पाती खोलूनच न्या. रोटरवर असताना केलं तर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब होतं. आणि सगळ्या पात्यांना सारखाच थर घ्या, नाहीतर रोटाव्हेटर थरथरतो.

तुमच्या रानात कोणता रॉड टिकला, जमीन कशी आहे ते लिहा.