सील बदललं, तरी तेल गळतंच!

खोताच्या वाडीच्या तोंडाशी शेजारच्या काकांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. खाली कायम एक पुठ्ठा. गणपतीआधी इंजिन उतरवून बांधलं, क्रँकचं पुढचं सील नवीन टाकलं. आठवड्यात पुठ्ठा पुन्हा काळा! मेकॅनिकचं निदान ठरलेलं : "माल डुप्लिकेट."

मित्रांनो, हा सीलवर अन्याय आहे. जुनं सील वर्षानुवर्षं एकाच जागी घासून चर पाडतं. तिथे नख फिरवा. अडकलं, तर नवीन सीलही गळणारच. ते मिलिमीटरभर मागेपुढे बसवा किंवा पातळ स्लीव्ह चढवा. ओठाला तेल लावा, स्प्रिंगची बाजू आत, आणि सरळ दाबा. तिरकं ठोकलंत की मेलं.

आणि ब्रीदर? तो कोणी बघतच नाही. तुंबला की पिस्टनवरून खाली उतरलेला गॅस कोंडतो आणि तेल बाहेर ढकलतो. काकांची नळी काजळीने गच्च होती!

त्यावर इलाज काय केला, तर गॅस्केटवर बोटभर सीलंट. (आपण वर्कशॉपात हेच करतो म्हणा.) आत सुटलेला तुकडा पंपाच्या जाळीत अडकला, तर बेअरिंगं गेलीच. २०२३च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सीसुद्धा मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. आता दुसरा क्रँक आणायचा कुठून?