आत्याचा प्रश्न आणि लायगोचे आरसे

मागच्या उन्हाळ्यात औंढा नागनाथला गेलो होतो. लायगोचा विषय निघाला आणि आत्याने विचारलं, "का रे, आपल्याकडं हे असलं ऊन, मग ते आरसे गार कसे ठेवतील?" सगळे हसले. मी नाही हसलो. प्रश्न एकदम बरोबर होता!

लायगो-इंडिया म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणारी गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि टोकांना टांगलेले आरसे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. लहर आली की भुजेची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी बदलते, आणि तेवढं मोजायचं.

आता उष्णता. आपण तापमान म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा समजतो. खरं तर ती अणूंची धावपळ आहे. हिंगोलीतल्या ४२ अंशांच्या दुपारी आणि १२ अंशांच्या पहाटे हवेतल्या रेणूंच्या सरासरी वेगात फरक असतो फक्त ५ टक्क्यांचा! कारण मोजायचं शून्यापासून नाही, तर उणे २७३.१५ पासून. तेच निरपेक्ष शून्य. त्याखाली जाता येत नाही, आणि तिथेही अणू अगदी निश्चल होत नाहीत, थोडी थरथर उरतेच.

मग आरसे गार करतात का? जपानच्या कागरामध्ये ते उणे २५० अंशांच्या आसपास नेण्याची सोय आहे. अमेरिकेतल्या लायगोचे आरसे मात्र खोलीच्या तापमानालाच असतात. मग अणूंच्या गोंधळात लहर कळते कशी?

महाशिवरात्रीची औंढ्याची यात्रा आठवा. आत ढकलाढकली, पण लांबून बघितलं तर गर्दी जागच्या जागी. लेझरचा झोत असाच असंख्य अणूंवर एकदम पडतो. त्यांचे धक्के बरेचसे एकमेकांना खोडून काढतात. बाधतो तो अख्ख्या गर्दीचा झोका, म्हणजे आरशाचं एकत्र हलणं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोंच्या चार आरशांचा हा एकत्रित झोका सतत मोजून, उलट जोर लावून इतका शांत केला की त्याचं तापमान भरलं ७७ नॅनोकेल्विन. एका अंशाचा सुमारे १ कोटी ३० लाखावा भाग! पण आरसा गोठला नव्हता. झोका थंड, काच मात्र नेहमीसारखीच उबदार.

मला हे फार आवडतं. एकाच वस्तूत एक हालचाल थंड आणि दुसरी गरम असू शकते. हे शाळेत कुणी सांगितलंच नाही, नुसतं सेल्सिअसचं केल्विन करायला लावलं.

"एवढे कोटी, आपल्याला काय मिळणार?" असं गावात विचारतात. विचारायलाच हवं. नोकऱ्या, रस्ते, पाणी, सगळ्याचा हिशोब मागायला हवा. पण माझ्या मते आणखी एक मागणं आहे: या वेधशाळेतलं विज्ञान जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत, आपल्या मराठीत, पोचलं पाहिजे. नाहीतर जग औंढ्याला येऊन विश्व ऐकेल आणि औंढ्याची पोरं कुंपणाबाहेर उभी राहतील.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे थंडी अशी काही नसतेच की!"

पहिला धडा झाला.