तीनचाकीचा फोटो निघतो, पंक्चर कोण काढणार?

३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. मैदानात मांडव पडतो, ओळीनं नव्या कोऱ्या तीनचाक्या उभ्या राहतात. झेंडूचे हार, मान्यवरांच्या हस्ते वाटप, फोटो. वाटपाची बातमी आम्ही पत्रकार दरवर्षी देतो. त्याच गाडीचं सहा महिन्यांनी काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

चाळिशीच्या पुढच्या मंडळींना जुनी हातानं चालवायची तीनचाकी आठवत असेल. रेक्झिनची सीट, छातीसमोर हातानं फिरवायचं पेडल, तिथून चाकाला गेलेली साखळी आणि बाजूला अडकवलेल्या कुबड्या. कानपूरला १९७२ साली केंद्र सरकारनं एलिम्को हा कारखाना काढला. १९८१ पासून केंद्राची एडिप योजना आली. त्यातून या गाड्या गावोगाव पोचल्या.

चालवणारे बरेचसे पोलिओचे. एसटीडी बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, म्हणून बूथबाहेर अशी गाडी हमखास दिसायची. कुणी लॉटरी विकायचं, कुणी तहसीलबाहेर अर्ज लिहून द्यायचं. चढ आला की शाळेची पोरं मागून ढकलायची. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ गेला, पण ती पिढी कुठं गेलीय? आज ही माणसं पन्नाशी-साठीत आहेत. आयुष्यभर हातानं गाडी ओढून अनेकांचे खांदे गेलेत.

म्हणून 'जुनं ते सोनं' असं मी म्हणणार नाही. ती गाडी चालवणं म्हणजे मजुरीच होती. पण तिची एक गोष्ट खरी होती. चाक सायकलचं, साखळी सायकलची, त्यामुळे कोपऱ्यावरचा सायकलवाला ती अर्ध्या तासात चालू करून द्यायचा. आता बॅटरीची तीनचाकी मिळते. चांगलीच आहे, खांद्यांना आराम आहे. पण बॅटरी उतरली, चार्जर जळाला की तालुक्यात मेकॅनिक नाही, पार्ट नाही. नवी बॅटरी पेन्शनच्या पैशात बसत नाही. मग गाडी गोठ्यात, तिच्यावर ताडपत्री, आणि माणूस पुन्हा घरात.

नावं मात्र आपण पटापट बदलली. अपंगांचे दिव्यांग झाले. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरला मोटार वाहन कायद्यात 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे. २०१९ च्या दुरुस्तीनं ते 'अडॅप्टेड व्हेईकल' झालं. चांगलं झालं, आधीचा शब्द वाईटच होता. पण ज्या कार्यालयात दिव्यांग कक्षाची पाटी लागते, त्याच्याच दारात तीन पायऱ्या असतात. रॅम्प असला तर घसरगुंडीसारखा. एक फूट उंची चढायला बारा फूट लांब उतार हवा, हा साधा नियम आहे. ठेकेदार तो चार फुटांत उरकतो आणि बिल निघतं.

पैसा नाही, हे कारण चालणार नाही. ग्रामपंचायत असो की नगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचेच आहेत. त्यातून दरवर्षी नवं वाटप करायलाच पाहिजे असं कुठं आहे? आधी दिलेल्या गाड्या चालू ठेवा ना. तालुक्याला एक मेकॅनिक तयार करा, पार्टचा थोडा साठा ठेवा, बॅटरी बदलायला पैसे द्या. दुरुस्तीला हार घालता येत नाही, फीत कापता येत नाही, हे मला कळतं. पण गाडी त्यावरच चालते.

आपल्या गल्लीत, वाडीत अशी बंद पडलेली तीनचाकी असेल तर या आठवड्यात एवढं करा. मालकाला विचारा काय बिघडलंय. त्यांच्या सहीनं नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज द्या, ५ टक्के निधीचा उल्लेख करा आणि पोच घ्या. सोबत ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला विचारा, गेल्या वर्षी हा निधी कशावर खर्च झाला. उत्तर लेखी मागा.

यंदा मांडवात फोटो काढाच. पण त्याच मांडवात गेल्या वर्षीच्या गाड्याही बोलवा. किती जण गाडी चालवत येतात, ते एकदा मोजूया.