त्रेपन्नाचे पस्तीस



आज पिकावर नाही, गणितावर लिहितोय. हसू नका. आपलं अर्धं नुकसान रोगानं होतं आणि अर्धं हिशेबानं.

मागच्या माघात बटाटा काढणी चालू होती. रविवार होता, म्हणून कामावरच्या एका ताईंचा पोरगा बरोबर आलेला. चौथीत आहे. ताई डोंगराकडच्या वाडीतल्या. हंगामात हिरडा वेचतात, एरवी इकडं घोडेगाव-शिनोली भागात मजुरीला येतात. पोरगं हुशार दिसलं, म्हणून वही त्याच्या हातात दिली. मी काट्यावरचा आकडा मोठ्यानं म्हणायचा, त्यानं लिहायचा.

संध्याकाळी व्यापाऱ्याची पावती आली. २२ पिशव्या. आमच्या वहीपेक्षा पावतीत ४५ किलो जास्त! कमी भरलं असतं तर समजलो असतो, पण जास्त भरायला व्यापारी काय आपला पाहुणा आहे?

मग एका जुन्या हिशेबनिसानं सांगितलेली युक्ती आठवली. बेरजेतल्या फरकाला ९ नं पूर्ण भाग जात असेल, तर आधी आकड्यांची उलटापालट झाली आहे का ते बघायचं. ४५ ला ९ नं भाग जातो. वही चाळली. सगळ्या पिशव्या ४८ ते ५४ च्या आत, आणि मधेच एक ३५ ची आणि एक २५ ची. एवढी हलकी पिशवी आम्ही भरलीच नव्हती. ५३ चे ३५ झाले, तिथं १८ गेले. ५२ चे २५ झाले, तिथं २७. झाले ४५.

मी पोरावर ओरडलो. ते खाली बघत म्हणालं, "काका, तुम्ही म्हणला तसंच लिहिलं. त्रे म्हणजे तीन, मग पन्न म्हणजे पन्नासातलं पाच."

मी गप्प झालो. बाकीचे आकडे बरोबर होते. घाई झाली तिथं हात कानामागं गेला. कानानं तीन आधी ऐकलं, हातानं तीन आधी लिहिलं. चूक पोराची किती आणि आपल्या शब्दाची किती?

तेव्हा मला २०१९ चा जून आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस बरोबर 'वीस एक', बावीस बरोबर 'वीस दोन', असं वाचन आलं होतं. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली म्हणाले, विधानसभेत कोट्या झाल्या. पारावर बसून आम्हीपण खूप हसलो. त्यात मी पुढं होतो, हे कबूल करतो. बाईंचं म्हणणं काय होतं ते एकानंही नीट वाचलं नव्हतं. जुने शब्द काढले नव्हते. दोन्ही वाटा पोरांपुढं ठेवल्या होत्या. जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा अडथळा लहान पोरांना होतो, एवढंच त्यांचं सांगणं होतं. २०२३ मध्ये त्या गेल्या. ते हसू माझ्याकडून परत घ्यायचं राहूनच गेलं.

आता तुम्हीच बघा. ७३ लिहिताना सात आधी, म्हणताना 'त्र्याहत्तर', म्हणजे तीन आधी. ७९ ला तर आपण 'एकोणऐंशी' म्हणतो. त्यात सातही ऐकू येत नाही आणि नऊही. ऐकू येतात एक आणि ऐंशी! मोठ्या माणसाला सवय झाली म्हणून ते सोपं वाटतं. कन्नडमध्ये २१ ला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस-एक. तिकडच्या पोराला जसं ऐकू येतं तसंच लिहायचं असतं. नॉर्वे देशात आपल्यासारखंच उलटं म्हणायचे. टेलिफोन नंबर सांगताना घोळ व्हायचे, म्हणून १९५१ मध्ये सरकारनं दहा आधी आणि एक नंतर अशी पद्धत आणली. जुनी बोली आजही तिथं ऐकू येते. भाषा काही बुडाली नाही.

कुणी म्हणेल, आम्ही नाही का शिकलो? शिकलो की. पण किती जण शिकले आणि किती जण गळले, ते मोजलं का? माझ्या वडलांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होती. मी मात्र दहावीला गणितात एकदा गेलो, ऑक्टोबरला सुटलो. माझ्याबरोबर बसणारे दोघं सुटलेच नाहीत. गणितानं शाळा सोडवली आणि पुढं जन्मभर गणितानंच पाठ धरली. औषध लिटरला २ मिली तर १५ लिटरच्या पंपाला किती, हे रोजचं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, तोंडात एकर-गुंठा, हेही रोजचंच.

नुसते शब्द बदलून सगळं होईल असं मी म्हणत नाही. त्रेपन्न, बावन्न हे शब्द पोरांना आलेच पाहिजेत, नाहीतर ती बाजारात अडाणी ठरतील. पण आधी 'पन्नास तीन' कळू द्या, मग 'त्रेपन्न' शिकवा. आणि उदाहरणं आपल्या शिवारातली घ्या. कोथिंबिरीच्या जुड्या शेकड्यावर विकल्या जातात, हे आपल्या पोरांना माहीत आहे. दहा-दहा जुड्यांचे ढीग लावले तर दशक-एकक डोळ्यांना दिसतं. ३३ फूट बाय ३३ फुटाचा गुंठा दोरीनं आखला तर क्षेत्रफळ पायाला कळतं. यात शाळेचा काही खर्च नाही.

२०२४ मध्ये राज्याच्या नव्या आराखड्यात दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पुढं जाऊ देण्याची गोष्ट निघाली, पण गुणपत्रिकेवर शेरा मारून. पोरगं शाळेतून हाकललं जाऊ नये, हे मलाही पटतं. पण चौथीतला घोळ चौथीत सोडवला नाही, तर दहावीत सूट देऊन काय होणार? शेऱ्यानं काटा वाचता येत नाही.

काटा वाचता येणं ही छोटी गोष्ट नाही, मंडळी. माझा घोळ पावतीनं सापडला, कारण माझ्याकडं वही होती आणि भागाकार येत होता. त्या पोराची आई हिरडा विकायला जाते, तेव्हा समोरचा सांगेल तेच वजन. उद्या कुणी ५३ चे ३५ धरले, तर तिच्या १८ किलोंचा हिशेब कोण मागणार? तो पोरगाच मागेल, गणित त्याच्या हातातून सुटलं नाही तर.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा वही परत त्याच्याकडंच दिली. मी म्हणालो, "पन्नास तीन. त्रेपन्न." त्यानं ५३ लिहिलं. दिवसभर एकही आकडा चुकला नाही.

आज संध्याकाळी घरातल्या लहान पोराला दहा आकडे तोंडी सांगा आणि लिहायला लावा. एकोणऐंशी विसरू नका. चुकलं तर ओरडू नका. त्यानं काय ऐकलं ते आधी विचारा, आणि मला इथं कळवा.