पिवळ्या कार्डावर रिचार्ज स्वस्त मिळतो का?

रेशन कार्डावर गहू-तांदूळ मिळतो, मग मोबाईलचा रिचार्ज का नाही? सदर बाजार असो की यादवनगर, भगिनी हा प्रश्न हटकून विचारतात. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत १९८५ पासून ‘लाइफलाइन’ नावाने गरीब कुटुंबाला फोनच्या बिलात सूट मिळते. पुरावा द्यायचा, एका घरात एकच सवलत. आपल्याकडे तशी योजना नाही. मोबाईल कंपन्यांच्या उत्पन्नातला काही हिस्सा सरकारी निधीत जातो खरा. आता त्याचे नाव डिजिटल भारत निधी. पण तो खेड्यापाड्यांतल्या टॉवरवर, केबलवर खर्च होतो, आपल्या घरच्या रिचार्जवर नाही. कार्ड पिवळे असो, केशरी असो वा पांढरे, दर एकच.

म्हणूनच ‘सरकारतर्फे तीन महिने मोफत रिचार्ज, लिंक दाबा’ असा मेसेज आला तर तो खोटा समजा. ओटीपी कुणाला सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा.

मात्र एक सोय आहे आणि तिला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितले की, फक्त कॉल आणि एसएमएसचा, नेट नसलेला पॅक ठेवलाच पाहिजे. दादी-नानींच्या बटणाच्या फोनला नेट कशाला हवे? २०२५ च्या सुरुवातीचे एअरटेलचे दर पाहा: नेटसह २८ दिवसांचा पॅक १९९ रुपये, म्हणजे ८४ दिवसांचे ५९७. नेटशिवाय ८४ दिवसांचा पॅक ४६९. थेट १२८ रुपये वाचतात. दर बदलत राहतात, पण दुकानदार हा पॅक आपणहून क्वचितच सांगतो. ‘नेट नसलेला पॅक द्या’ असे तोंडाने मागा.

अडचण आहे ती एकरकमी पैशांची. रोजच्या हजेरीवर चालणाऱ्या घरात साडेचारशे एकदम निघत नाहीत. ज्याच्या हाती रोकड, त्यालाच स्वस्ताई. भिशी लागेल त्या महिन्यात अम्मीचा रिचार्ज आधी उरकून घ्यावा, हे बरे.

कारण नंबर बंद पडला की नुसते बोलणे थांबत नाही. लाडकी बहीणची ई-केवायसी आधारला जोडलेल्या नंबरवरच्या ओटीपीवर होते. बराच काळ न वापरलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो, आणि मग आपले ओटीपी परक्याच्या फोनवर. आधारला कोणता नंबर जोडला आहे ते आधार केंद्रात विचारून घ्या. घरात तीन सिम असतील, तर पहिले पैसे त्या सिमवर घाला.